जाऊबाईंचा उजवा बूट

ब्रायर काउंटीत निवडणुकीच्या संध्याकाळी कुणी विचारलं, "काय, कोण आलं निवडून?" तर उत्तर ठरलेलं असे, "रॅटलिफ!" आणि त्यावर विचारणारा म्हणे, "ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे हो! कुठल्या ओढ्याचा ते सांगा."

कोर्टाच्या जिन्यात भिंतीवर ओळीनं फोटो होते. सात काउंटी-जज, नऊ शेरीफ, चार कारकून. सगळे रॅटलिफ, आणि सगळ्यांचं नाक एकच. एक रॅटलिफ तर थेट वॉशिंग्टनला जाऊन दोन वर्षं बसून आला होता. परत आल्यावर त्यानं आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली: तिकडे घेवड्यात डुकराचं मीठवलेलं मांस घालत नाहीत. केंटकीच्या डोंगरातल्या लोकांना राजधानीविषयी तेवढी माहिती पुरेशी होती. एकदा बाहेरच्या एका माणसानं शेरीफच्या जागेसाठी उभं राहायचं धाडस केलं. मतं मिळावीत म्हणून त्यानं रॅटलिफांची मुलगी केली. तरीही तो पडला, आणि बायकोनं स्वतःच्या चुलतभावाला मत दिल्याचं त्याला लग्नाच्या बाराव्या वाढदिवशी कळलं.

१९४९ च्या उन्हाळ्यात जेलरच्या जागेसाठी चार उमेदवार उभे होते. चौघेही रॅटलिफ. त्यांतली एक होती ओमा.

ओमा माहेरची रॅटलिफ, वरच्या ओढ्याची. सासरचीही रॅटलिफ, खालच्या ओढ्याची. तिचा नवरा डेल्मर चौदा वर्षं जेलर होता. त्या काउंटीत जेलर कुटुंबासकट तुरुंगातच राहायचा. पुढच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर जेलरचं, मागच्या सहा कोठड्या कैद्यांच्या, आणि मधल्या भिंतीत जेवण सरकवायची एक खिडकी. किल्ल्या डेल्मरच्या कमरेला असत, पण तुरुंग चालवायची ओमा. फेब्रुवारीत डेल्मर शेगडीत लाकूड घालता घालता खाली बसला तो उठलाच नाही. जजसाहेबांनी निवडणूक होईपर्यंत किल्ल्या ओमाच्या हाती दिल्या. मुलं डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात गेलेली. निवडणूक हरली तर जानेवारीत त्या दोन खोल्या सोडून त्यांच्याकडे जायचं, चौथ्या मजल्यावर, जिथे खिडकीतून दुसरी खिडकीच दिसते. भांडी घासता घासता ओमा हे स्वतःशीच मोठ्यानं बोलायची.

"तुम्ही कशाला जाताय?" आतून लाँझो ओरडायचा. लाँझो दर शनिवारी दारू पिऊन आत यायचा आणि सोमवारी सकाळी नाश्ता करून बाहेर पडायचा. "माझं मत तुम्हाला आहे ओमाबाई. फक्त त्या दिवशी मला बाहेर ठेवा म्हणजे झालं."

"त्या दिवशी तू शुद्धीत राहा म्हणजे झालं," ओमा म्हणायची, आणि मक्याच्या पावाचा कडेचा, खरपूस तुकडा त्यालाच सरकवायची.

तिच्यासमोरचा खरा उमेदवार होता धाकटा दीर कॉर्बेट. मिशी झुपकेदार, हसणं मोकळं, आणि काम कधीच फारसं न केल्यामुळे शत्रू कुणी नाही. पण निवडणूक लढत होती ती त्याची बायको वर्डी. वर्डीची जीभ म्हणजे ओढ्याचं पाणी. उन्हाळ्यातही आटत नसे. तिनं पिठाच्या गिरणीत, पोस्टात, विहिरीवर सांगून ठेवलं होतं, "आमच्या जाऊबाई कैद्यांना घेवडा वाढतात तो इतका पातळ, की ताटलीचा तळ दिसतो. मी काही बोलत नाही हो. लोक म्हणतात."

हे ओमाच्या कानावर आलं तेव्हा ती कणीक मळत होती. तिनं तो गोळा असा आपटला की कोठडीतला लाँझो दचकून उठला. आपल्याला काहीही म्हणा. पण चौदा वर्षं, दिवसातून दोनदा, जो घेवडा ती पहाटे उठून चढवायची, त्याला पातळ म्हणायचं?

मतदान होतं ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी. त्याआधीचा रविवार म्हणजे पाइन बॉटमच्या चर्चमधला प्रभूच्या भोजनाचा रविवार. वर्षातून एकदाच येणारा. त्या दिवशी भाकर मोडायची, द्राक्षरस घ्यायचा, आणि मग प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे एकमेकांचे पाय धुवायचे, भावांनी भावांचे, बहिणींनी बहिणींचे. मनात कुणाविषयी अढी असेल तर आधी ती सोडायची आणि मगच त्या मेजाशी यायचं, असा तिथला दंडक. दुसरा दंडक असा, की चर्चच्या कुंपणाच्या आत राजकारण आणायचं नाही. उमेदवार असो की सेनेटर, प्रचाराचं कार्ड कुंपणाबाहेर. पूर्वी खुद्द एका पाळकालाच या गुन्ह्यासाठी उभं करून जाब विचारला होता.

ओमा त्या दिवशी बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर बसली. समोरच्याच बाकावर वर्डी, नवी टोपी घालून. ओमानं मनात म्हटलं, देवा, आज मी भाकर घेऊ नये हेच बरं. ही अढी माझ्याच्यानं सुटत नाही. घेवड्याचं नसतं तर सोडली असती.

मग चर्चचे म्हातारे पाळक एनॉककाका उभे राहिले. वय एक्क्याऐंशी, डोळ्यांत मोतीबिंदू, हातात काठी. त्यांनी आधी भजनाची एक ओळ भराभर म्हणून दिली, आणि साऱ्या चर्चनं ती उचलून लांबवली. ना पेटी, ना वाद्य, नुसते गळे, डोंगरावरून धुकं उतरावं तशी ती ओळ सावकाश खाली आली. त्यानंतर काका बोलायला लागले. आधी साधंच, पाऊस बरा झाला, मके उंच झाले. बोलता बोलता आवाजाला लय आली, लयीला सूर लागला, आणि मग जे सुरू झालं ते बोलणं राहिलंच नाही. दर ओळीच्या शेवटी श्वास "हां!" करून तुटायचा आणि पुढची ओळ त्याच्यावर चढायची:

"मोठं नाव घेऊन आलो मी दाराशी, हां!
म्हटलं, दार उघड, मी अमक्याचा नातू, हां!
आतून आवाज आला, नाव नको सांगू, हां!
तुझे हात दाखव मला, हां!
कुणाची ताटली भरलीस त्या हातांनी, हां!
कुणाचे पाय धुतलेस, हां! हां!"

बाकं हलायला लागली. म्हातारी टिल्डी उठून टाळ्या वाजवू लागली. ओमाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायचं भान नव्हतं. नाव नको सांगू. हात दाखव. तिनं आपले हात पाहिले. ते घट्ट मुठीत आवळलेले होते. आणि त्या सुरात, केव्हा ते तिचं तिलाच कळलं नाही, मूठ सुटली.

वर्डीचंही भान गेलं होतं. आणि घोटाळा झाला तो तिथेच. कारण वर्डी त्या दिवशी नुसती टोपी घालून आली नव्हती. जेवणं कुंपणाबाहेर ओकच्या झाडांखाली व्हायची, तिथे दोनशे मतदार एका जागी सापडणार. त्यांना वाटायला म्हणून तिनं कॉर्बेटच्या फोटोची वीस-पंचवीस कार्डं आणली होती. झग्याला खिसा नाही, पर्स तर टिल्डी न विचारता उघडून पाहते. म्हणून कार्डं घातली होती उजव्या बुटात, तळपायाखाली. पाय धुवायची वेळ यायच्या आत पाण्याच्या पंपाचं निमित्त करून हळूच बाहेर पडायचं, असा तिचा बेत होता. पण काकांचा सूर असा लागला, की वर्डी बेत, बूट, नवरा, सगळंच विसरली आणि डोळे मिटून डोलत राहिली.

ओमानं भाकर घेतली. मग टॉवेल कमरेला बांधला, पाण्याचं घमेलं उचललं आणि सरळ जाऊन वर्डीसमोर गुडघे टेकले.

"पाय दे, वर्डी."

वर्डीनं डोळे उघडले. "वहिनी! अगं, तू... माझे?" आणि भरून येऊन तिनं पाय पुढे केला. उजवाच.

ओमानं बुटाची नाडी सोडली, बूट काढला, आणि आतून कॉर्बेट बाहेर आला. एक नव्हे, पाच-सहा कॉर्बेट, सगळे हसरे, सगळ्यांच्या खाली छापलेलं: "कॉर्बेट रॅटलिफ. जेलर. नाव जुनं, माणूस खरा." जुलैच्या उकाड्यात एक कार्ड तर पायाला चिकटूनच राहिलं होतं.

वर्डीचा चेहरा पांढराफटक पडला.

ओमाच्या हातात ते कार्ड होतं. तिनं ते नुसतं डोक्याच्या वर धरलं असतं तर काम फत्ते होतं. टिल्डीनं पाहिलं असतं. टिल्डीनं पाहिलं की काउंटीनं पाहिलं. दीर साफ पडला असता. दोन खोल्या, शेगडी, खिडकी, सगळं राहिलं असतं. एवढ्या जवळून निवडणूक जिंकायची संधी भिंतीवरच्या एकाही रॅटलिफला कधी मिळाली नसेल.

ओमानं टॉवेलचं टोक बुटावर ओढलं. त्याच्याआड कार्डं गोळा केली आणि बुटाच्या पार टोकाला कोंबली. मग पायाला चिकटलेलं कार्ड हळूच सोलून काढलं. छपाई स्वस्तातली, कॉर्बेटची मिशी तळपायावर उमटलेली.

"वहिनी," वर्डी कुजबुजली, "मी... अगं, ते..."

"गप्प बस. हलू नकोस. मिशी निघत नाहीये."

ओमानं अंगठ्यानं चोळून चोळून दिराची मिशी धुतली. मग स्वच्छ पाय पुसून खाली ठेवला आणि म्हणाली, "आता दुसरा दे. त्यात कुणी नाही ना?"

वर्डीच्या तोंडून हसू आणि रडू एकदमच फुटलं. ती इतक्या मोठ्यानं हमसू लागली, की बहिणी पंखे घेऊन धावल्या. "आत्मा उतरला हो तिच्यात!" टिल्डी म्हणाली. वर्डीनं ओमाच्या कमरेचा टॉवेल सोडून स्वतःच्या कमरेला बांधला आणि ओमाचे पाय धुतले. धुताना एक शब्द बोलली नाही. वर्डी एवढा वेळ गप्प राहिल्याची काउंटीत ती पहिलीच नोंद असावी.

पण ते गप्प राहणं टिकणार किती? शनिवारी मतदानाला वर्डी खालच्या ओढ्याच्या शाळेबाहेर उभी राहिली. हातात कार्डं, कारण नवरा तो नवरा. टिल्डी काठी टेकत आली.

"काय गं, रविवारी एवढी रडलीस. काय दिसलं तुला?"

वर्डीनं ओठ मिटले. उघडले. परत मिटले. ती थट्टेत, भांडणात, प्रचारात वाटेल ते बोलली असती. पण त्या दिवशीच्या पाण्याविषयी खोटं बोलायची तिची छाती होईना. आणि खरं सांगायचं, तर सांगितल्यावाचून राहवतही नव्हतं.

"मला ना टिल्डीआत्या, माझ्याच पायावर नवऱ्याची मिशी दिसली."

आणि तिनं सगळं सांगितलं. ऐकून दोघी पोट धरून हसल्या. मग आणखी तिघी आल्या, त्यांच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून. दुपारपर्यंत रांगेतले पुरुष मत द्यायचं सोडून आधी गोष्ट ऐकायला थांबू लागले. दर वेळी गोष्टीत एखादं कार्ड वाढायचं, पण शेवट तोच: "जाऊबाईंनी नुसता हात वर केला असता ना, तर मी मेले होते! नाही केला हो. पाय धुतला माझा." मग ती कार्ड पुढे करायची, "घ्या. कॉर्बेटला मत द्या," आणि ऐकणारा कार्ड खिशात घालून डोळे पुसत आत जायचा.

कॉर्बेट घोड्यावरून आला तेव्हा लोकांनी त्याच्या मिशीकडे पाहून हसायला सुरुवात केली. "ह्यांना काय झालंय? काय सांगतेस तू सगळ्यांना?" त्यानं विचारलं.

"खरं तेच सांगतेय," वर्डी म्हणाली. "आणि घेवडा पातळ नसतो, तेही."

संध्याकाळी कोर्टाच्या पायरीवरून आकडे वाचले गेले. ओमा एक्केचाळीस मतांनी जिंकली. खालच्या ओढ्याच्या शाळेत, कॉर्बेटच्या स्वतःच्या अंगणात म्हणा, तिला बासष्ट मतं जास्त पडली होती.

दिवे लागायच्या सुमाराला तुरुंगाचं दार वाजलं. वर्डी होती, हातात सफरचंदाच्या तळलेल्या करंज्यांचं ताट. मागे कॉर्बेट, टोपी हातात, मिशी साफ उतरवलेली.

ओमा पाहतच राहिली. "हे काय, भावजी?"

"दिवसभर लोक मिशीकडेच बघत होते," कॉर्बेट म्हणाला. "म्हटलं, तुम्ही एकदा धुतलीत, उरलेली आपण काढावी."

"बस. जेवल्याशिवाय जायचं नाही." तिनं दोन ताटल्यांत घेवडा वाढला, वर चिरलेला कांदा, बाजूला मक्याचा पाव आणि थंड ताक. कॉर्बेटनं चमचा ताटलीत उभा केला. चमचा उभाच राहिला. तो बायकोकडे बघत म्हणाला, "कोण गं म्हणत होतं पातळ असतो म्हणून?"

"लोक म्हणत होते," वर्डी म्हणाली आणि कांद्याचं निमित्त करून पटकन नाक पुसलं.

तेवढ्यात मागच्या कोठडीतून खिडकीवर थाप पडली. लाँझो मत देऊन, त्या आनंदात पिऊन, नेहमीच्या वेळेला आत आला होता.

"ओमाबाई! कोण आलं निवडून?"

"रॅटलिफ," ओमा म्हणाली.

"ते ठाऊक आहे हो! कोणता?"

 ओमानं ताटली भरली, कडेचा खरपूस तुकडा वर ठेवला आणि खिडकीतून सरकवली. मग उद्याचा घेवडा भिजत घालायला डबा काढला, आणि एनॉककाकांनी रविवारी दिलेली ओळ हळूच उचलली. पलीकडून लाँझोनं ती लांबवली, बेसूर पण मनापासून. वर्डीनं साथ धरली.