लुबाबाचं शेवटचं पान

लादिदी माझी सवत. मी थोरली, ती धाकटी. आमच्या कानो शहरातल्या बायका जिच्या कादंबऱ्यांवर जीव टाकतात ती हीच, आणि तिचं कौतुक माझ्या तोंडून निघावं हे माझं नशीब. पण खरं ते खरं, बाई लिहिते झकास.

आमच्याकडे कादंबऱ्या भागाभागांनी निघतात आणि पुस्तकाच्या पाठीवर लेखिकेचा फोन नंबर छापतात. लादिदी लिहायला बसली की तो फोन माझ्या गळ्यात. दुसऱ्या भागाच्या शेवटी तिने नायिकेला, लुबाबाला, घरातच बाळंतपणात मारलं आणि फोनपायी मला दोन घास सुखाने खाता येईनात. एकीने तर मलाच लेखिका समजून, हाजिया असा मान देऊन विचारलं, "हाजिया, लुबाबाने तुमचं काय घोडं मारलं होतं?"

एका दुपारी मात्र रानो गावाहून जुम्माई नावाच्या बाईचा फोन आला, तो आशीर्वादाचा.

"हाजिया, अल्ला तुमचं भलं करो. लुबाबाला वेळेवर दवाखान्यात नेलंत, वाचवलीत. माझी दोन मुलं घरातच गेली हो. आता नववा लागलाय. सासूबाईपण ऐकायला बसल्या होत्या, दवाखान्याला हो म्हणाल्यात."

अगं बये, ती तर मेली, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात दुसऱ्या कुणा मुलीने फोन ओढून घेतला आणि ती लांब जाऊन हळू आवाजात बोलू लागली.

"मी तालातू, जुम्माईवहिनीची नणंद. अंगणात सगळ्यांना मीच वाचून दाखवते, दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही. शेवटच्या पानावर नजर गेली, तर लुबाबा मेलेली. वहिनी पोटावर हात ठेवून समोर बसलेली. मग मी मनानेच दुसरं काहीतरी वाचलं. तिसऱ्या भागात काय आहे हो? आईला खरं कळलं तर वहिनीचा दवाखाना बारगळलाच म्हणा."

तिसऱ्या भागात लुबाबाचा नवरा दुसरं लग्न करत होता आणि कागद छापखान्यात निघाले होते.

लादिदीला सांगितलं तर ती तडकलीच. "माझ्या पुस्तकात हात घालणारी ही कोण लागून गेली? द्या इकडे फोन, ताई."

तालातूला परत फोन लावून तिने दटावलं, "काय वाचलंस ते सांग. जसंच्या तसं."

तालातू आधी चाचरली, मग रंगात आली. लुबाबाचं रक्त थांबत नाही, नवरा परगावी, आणि त्याला विचारल्याशिवाय बाईला उंबऱ्याबाहेर कोण नेणार? सगळे हात चोळत बसलेत. तेव्हा त्याची म्हातारी आई उठते आणि म्हणते, "परवानगी मी देते. त्याला जन्म मी दिलाय."

लादिदीने फोन ठेवला.

"ताई, सासूला उठवायचं मला का नाही सुचलं गं?"

"कारण तू माझ्यासारखीच सासूवर खार खाऊन आहेस," मी म्हटलं. ती हसली, छापखान्यातून कागद परत मागवले आणि तिसरा भाग पहिल्यापासून लिहायला बसली. स्वयंपाक सगळा माझ्यावर पडला, तरी मी हूं की चूं केलं नाही.

पुस्तक छापलं जात होतं तेव्हाच एका सकाळी अनोळखी नंबर वाजला. आवाज म्हातारीचा, थकलेला.

"जुम्माईची सासू बोलतेय. रात्री तिला फार रक्त गेलं. मुलगा लागोसला, फोन लागेना. मी म्हटलं, परवानगी मी देते. दवाखान्यात आहोत. पोरगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

लादिदी रडली. मीही रडले, खोटं कशाला बोलू.

तिसरा भाग बाजारात आला तसे वाचक पुन्हा तुटून पडले. फोन या वेळी लादिदीने स्वतः घेतला. पलीकडची बाई चांगलीच तापली होती. "मेलेली बाई जिवंत कशी हो झाली? आमचं रडणं काय फुकटचं होतं?"

"मलाही ती मेली असंच वाटलं होतं," लादिदी म्हणाली. "पण मग तिच्या सासूचा फोन आला."