चढावरची टकटक

बायको गेल्यापासून शिंप्याची गाडी चढावर टकटक करायची. सपाटीला गुणी बाळासारखी चालायची, पण घरासमोरचा चढ लागला, पाय जरा दाबला, की बॉनेटखाली कुणी डब्यात खिळे घालून हलवतंय असा आवाज. दम तर असा जायचा की सायकलवाले मागे बघत बघत पुढे निघून जायचे. दोन गॅरेजवाल्यांनी कान लावला आणि इंजिनचा निकाल लागलाय म्हणून सांगितलं. शेवटी शिंप्यानं भंगारवाल्याला बोलावलं. दुपारी तो गाडी न्यायला येणार होता. गाडी बायकोची. ती दारातून जाणार म्हटल्यावर सकाळपासून शिंपी तिच्या काचा पुसत बसला होता.

निरोपाला मेहुणा आला, आपल्या गाडीतून. त्याची गाडी आणि ही गाडी अगदी एकसारखी, बहीणभावांनी जोडीनं घेतलेली. दर वर्षी दोघं याच चढावर शर्यत लावायचे आणि दर वर्षी बहीण जिंकायची. ते दुखणं मेहुण्याच्या पोटात अजून होतं.

"दाजी, शेवटची एक चक्कर मारू का?" म्हणत तो बसला. शिंपी शेजारी बसला.

चढ लागला, टकटक सुरू झाली. मेहुण्यानं मान तिरकी केली. पाय उचलला, आवाज बंद. पाय दाबला, आवाज सुरू. असं त्यानं इतक्यांदा केलं की शिंप्याला मळमळायला लागलं.

"दाजी, पेट्रोल कुठलं भरता?"

"कुठलं म्हणजे? पंपावरचं."

"साधं की भारीतलं? जास्त ऑक्टेनचं?"

"पेट्रोल आहे का कापड, साधं न् भारी असायला?"

"ताई कुठलं भरायची?"

ते शिंप्याला कुठून ठाऊक असणार? त्यांच्या घरात वाटणी ठरलेली होती: कपडे त्याचे, गाडी तिची. ती असेपर्यंत त्यानं पंप पाहिलाच नव्हता. ती गेल्यावर गेला आणि सगळे उभे होते त्या रांगेत उभा राहिला.

मेहुण्यानं गाडी वळवली, दोन्ही गाड्यांची बॉनेटं उघडली आणि आत डोकं घातलं. इंजिनाच्या वरच्या झाकणाला, म्हणजे हेडला, खालच्या कडेशी कारखान्याचा एक आकडा उठवलेला असतो. त्याच्या गाडीत आकडा पूर्ण होता. बहिणीच्या गाडीत त्याची वरची अर्धीच बाजू उरली होती.

"घासलंय," तो म्हणाला. "दाजी, ताईनं हेड घासलंय." आणि तो हसत सुटला.

बायको कारखान्यात धातू घासायच्या मशीनवर होती. तिला हे काम म्हणजे कापडाची कड दुमडण्यासारखं.

"घासून काय होतं?"

"आत जागा कमी होते. पेट्रोल आणि हवा जास्त दाबली जाते. जास्त दाब, जास्त जोर. म्हणून तर दर वर्षी मला लोळवलं तिनं. पण एवढ्या दाबात साधं पेट्रोल धीर सोडतं. ठिणगीची आग कोपऱ्यात पोचायच्या आत तिथलं आपणहून भडकतं. ती टकटक त्याची. भारी पेट्रोल तेवढं दम धरतं."

"म्हणजे ते ताकदवान असतं."

"छे. ते फक्त सोशीक असतं. माझ्या सैल इंजिनात मी वर्षानुवर्षं तेच ओतलं, काही उपयोग नाही. ताई म्हणायची, तुझ्या गाडीला साधंच पुरतं रे. मला वाटायचं, बनवतेय."

"खरं बोलत होती की."

"तेच तर. एवढं खरं बोलून फसवलं मला."

आता शिंपीही हसायला लागला. कितीतरी महिन्यांनी हसत होता, त्यामुळे बरगड्या दुखायला लागल्या. तसेच हसत दोघांनी टाकीला नळी लावली. पहिला घोट मेहुण्याच्या तोंडात गेला. तो थुंकत अंगणभर नाचला. टाकी रिकामी झाली. मेहुण्याच्या गाडीतून जाऊन ते डबे भरून भारी पेट्रोल घेऊन आले. ओतून होतंय तोवर भंगारवाल्याचा ट्रक दारात आला.

"हीच का मेलेली गाडी?" त्यानं विचारलं.

"थांबा," शिंपी म्हणाला. "आधी चढ चढून बघतो. टकटक झाली तर तुमची."

"मग मीही येतो," मेहुणा आपल्या गाडीकडे धावला. "आज तरी हरणार नाही मी."

भंगारवाल्याला काही कळलं नाही, पण हातातला फडका हलवून त्यानं इशारा दिला. शिंप्यानं डोळे मिटून पाय दाबला, मग घाबरून उघडले. टकटक नाही. खिळे नाहीत. गाडीनं त्याला पाठीमागे असं ढकललं की टोपी मागच्या सीटवर गेली. कुणीतरी मोठमोठ्यानं ओरडत होतं. तो आवाज आपलाच आहे हे त्याला अर्ध्या चढावर कळलं. आरशात मेहुण्याची गाडी लहान लहान होत गेली.

वर पोचून तो वाट बघत उभा राहिला. मेहुणा आला, काच खाली केली, डोळे पुसले.

"दाजी, ही फसवणूक आहे."

"आहेच," शिंपी म्हणाला. "परत लावायची?"

"लावायची."

खाली उतरताना शिंप्यानं खिडकीतून हात बाहेर काढून भंगारवाल्याला ट्रक बाजूला घ्यायची खूण केली.