घरी बोलू नका

नोएमिया सहा वर्षांची होती तेव्हा थिल बाईंनी आम्हा दोघांना शाळेत बोलावून घेतलं. वर्गात सगळ्या पोरांच्याच बुटक्या खुर्च्या. माझा नवरा अदेरितु फरशा बसवायचा, गुडघे तेव्हाच कामातून गेलेले. तो भिंतीला टेकून उभाच राहिला. थिल बाई चांगल्या होत्या, हे आधीच सांगते. त्यांना वाईट ठरवलं तर माझं ओझं हलकं होईल, पण ते खरं नाही.

"नोएमिया वर्गात तोंडच उघडत नाही," बाई फ्रेंचमध्ये म्हणाल्या. ऑफिसं झाडूनपुसून मला फ्रेंच येऊ लागलं होतं. "घरी काय बोलता तुम्ही?"

"पोर्तुगीज."

"तिथंच अडतंय सगळं. आता पहिलीत तिला जर्मन वाचायचंय, इथं शाळेत वाचायला जर्मनमध्येच शिकवतात. घरी पोर्तुगीज बोलू नका. लक्झेंबर्गी बोला, जर्मन बोला, जमेल तसं बोला. पोरीच्या भल्यासाठी सांगते."

अदेरितुनं मला विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं.

"अगं, पण मला यातली एकही येत नाही."

"मग शीक."

हे मी म्हटलं. बाईंनी नव्हे.

त्याला कधी गरजच पडली नव्हती. लक्झेंबर्गमधलं एश हे आमचं शहर, तिथल्या आमच्या गल्लीत पाववाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे पोर्तुगालहून आलेले आमचेच लोक. साइटवर मुकादम ब्रागांसाकडचा, आमच्याच मुलखातला. सहाला घर सोडायचं, अंधार पडल्यावर परत यायचं. शिकणार कधी?

मी शिकले. मंगळवारी आणि गुरुवारी नगरपालिकेच्या लक्झेंबर्गीच्या रात्रवर्गाला जायचे आणि तिथले शब्द घरी येऊन पोरीवर चालवायचे. "तू जेव. तू हात धू. तू आता झोप, चांगली मुलगी." एवढंच. पोर माझ्याकडे अशी बघायची, जशी मी दुसऱ्याच कुणाची आई आहे आणि चुकून हिच्या घरात आलेय.

शेजारच्या इव्होनेला भिंतीतून सगळं ऐकू जायचं. जिन्यात भेटली की म्हणायची, "काय गं लेओनिल्द, राजवाड्यावर नोकरी लागली की काय? पोरीवर ओरडतानासुद्धा व्याकरण बघतेस!"

"तुझी पोरं तू सांभाळ, इव्होने."

"सांभाळतेच आहे. निदान आई काय म्हणते ते तरी त्यांना कळतं."

मी आठ दिवस तिच्याशी अबोला धरला.

अदेरितु कामावरून यायचा, हात धुऊन पोरीसमोर बसायचा आणि सवयीनं सुरू करायचा, "आज काय गंमत झाली, नोए..." मी टेबलावर बोटानं टकटक करायचे. तो थांबायचा. सुरुवातीला त्यानं दहा-बारा शब्द पाठ केले: शुभ सकाळ, जेवण, छान, दार. तेवढ्यात बाप पोरीशी बोलणार तरी काय? नाताळपर्यंत त्यानं तेही सोडलं. येताजाता तिच्या डोक्यावर हात ठेवायचा, बस्स. पोर्तुगालात गावच्या कॅफेत हाच माणूस बोलायला लागला की लोक गाईंच्या धारा काढायला उशीर करायचे.

नोएमिया जर्मन वाचायला मात्र शिकली. खडाखडा वाचायची, एक अक्षर चुकायची नाही. एकदा तिनं वाचलं, "श्नेके." मी विचारलं, म्हणजे काय? "माहीत नाही," ती म्हणाली. पानावर गोगलगायीचं चित्र होतं. आम्ही दोघी त्या चित्राकडे बघत राहिलो. काराकोल, आमचा शब्द, माझ्या ओठांपर्यंत आला होता. मी तो गिळला आणि म्हटलं, "पुढं वाच."

दुसरीत तिला एक वर्ष मागं ठेवलं. पोर्तुगीज मैत्रिणींच्या घरी ती जाईनाशी झाली. तिथं सगळे भराभर बोलायचे आणि ती अडकली की हसायचे. वर्गातल्या इथल्या मुलींमध्येही ती कडेलाच असायची. सुट्टीत आम्ही गावी गेलो तेव्हा माझी आई म्हणाली, "पोरीला ऐकू येतं ना गं नीट?"

सहावीच्या शेवटी शाळा ठरवते की पोर पुढं कुठं जाणार: मोठ्या शाळेत, की हाताचं काम शिकवणाऱ्या शाळेत, आणि तिथंही वरच्या तुकडीत की खालच्या. वेबर सरांनी आम्हाला बोलावलं. नोएमिया तेरा वर्षांची झाली होती. अदेरितु साइटवरून तसाच आला, पँटवर सिमेंट होतं.

"गणित बरं आहे," सर फ्रेंचमध्ये म्हणाले, मी ते अदेरितुला हळूच सांगत गेले. "पण जर्मन समजून घेण्यात ती फार कच्ची आहे. गणितातली लेखी उदाहरणं तिला कळतच नाहीत. आम्ही खालची तुकडी सुचवतोय. या रकान्यात तुमचं मत लिहायचंय." मग ते अदेरितुकडे वळले. "वडलांना काही म्हणायचं असेल तर नोएमिया सांगेल मला."

आणि अदेरितु बोलायला लागला. पोर्तुगीजमध्ये. सात वर्षांत मी त्याचं इतकं बोलणं ऐकलं नव्हतं.

"सांग त्यांना, नोए. शाळेत जायच्या आधी ही पोरगी माझी टेप धरून खोलीला किती फरशा लागतील ते तोंडानं सांगायची. ती गाढव नाही. घरात कुणाला येत नाही त्या भाषेत तुम्ही तिला वाचायला बसवलंत. मला म्हणालात गप्प राहा, मी गप्प राहिलो. स्वतःच्या पोरीशी सात वर्षं बोललो नाही. आता म्हणता तिला भाषा येत नाही! येणार कुठून? तिच्याशी बोललं कोण?"

त्याचा आवाज चढला होता. सर अदबीनं थांबून होते. नोएमियाची मान खाली. ती हळूच म्हणाली, "पापा म्हणतात, ठीक आहे."

मला फ्रेंच येत होतं. मी तोंड उघडू शकत होते. पण त्याच वर्षी मला नगरपालिकेची कायमची नोकरी लागली होती, त्याच शाळेचे जिने पुसायची. सरांशी वाद घालायचा नाही, हे मी दाराबाहेरच ठरवून आले होते. सरांनी रकान्यात लिहिलं, पालक सहमत. मी सही केली. अदेरितुला वाटलं, आपलं म्हणणंच कागदावर उतरलंय. त्यानंही केली.

खरं काय झालं ते मी त्याला घरी जाऊन सांगितलं. तो गुडघ्यांना मलम लावत बसला.

नोएमिया सतरा वर्षांची असताना आमचं भांडण झालं. तिनं शाळा सोडली होती. मी काहीतरी टोचून बोलले. त्यावर ती म्हणाली, "पापांनीच तर मला सरांसमोर गाढव म्हटलं होतं."

"कधी?"

"सहावीत. एवढं ओरडले, त्यातला तेवढा एकच शब्द मला कळला."

मी हातातली सुरी खाली ठेवली. "अगं, तो म्हणाला, ती गाढव नाही! नाही म्हणाला तो!"

"चार वर्षांनी सांगतेस?"

मी अदेरितुला हाक मारली. "सांग तिला, तेव्हा काय म्हणाला होतास ते." तो सांगू लागला, हात हलवत, चाचरत. नोएमिया माझ्या तोंडाकडे बघत होती, मी सांगेन म्हणून. मी माझ्या रात्रवर्गातल्या भाषेत म्हटलं, "पापा म्हणतो, तू हुशार. पापाला दुःख." त्याच्या सगळ्या बोलण्याचं माझ्या तोंडून एवढंच झालं.

"बरं," ती म्हणाली आणि तिच्या खोलीत गेली.

आता ती एका दुकानात माल लावते. तिला लिव्ह नावाची चार वर्षांची मुलगी आहे. बाप इथलाच, त्याची भाषा लिव्हला येते. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी नोएमियानं आमच्या टेबलावर एक पत्रक टाकलं. लिव्हच्या शाळेतून आलेलं, पाच भाषांत छापलेलं. मी पोर्तुगीज बाजू वाचली. मुलाशी घरी आपापल्या भाषेत बोला, असं लिहिलं होतं. आजी-आजोबांनीही बोलावं. त्यानं इतर भाषा शिकणं सोपं जातं.

"लिव्हच्या बाईंनी मला विचारलं, तुमच्या घरची भाषा कुठली," नोएमिया म्हणाली. "काय सांगायला हवं होतं मी, माई?"

अदेरितुनं चष्मा लावून ते पत्रक दोनदा वाचलं. मग लिव्हला उचलून बाल्कनीत नेलं आणि बोलायला लागला. त्याच्या आईचं खेचर विहिरीत कसं पडलं आणि सगळ्या गावानं त्याला दोर लावून कसं वर काढलं, ते. खेचराचा आवाज काढला, पाद्रीबुवांची नक्कल केली. लिव्ह खिदळत होती. किती कळत होतं देव जाणे, पण "अजून, अजून" करत होती.

नोएमिया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "काय सांगतायत ते?"

मी सांगायला गेले. खेचराला लक्झेंबर्गीत काय म्हणतात, ते मला येईना. विहीर आली. दोर आला. पुढं सगळं अडलं.

"राहू दे," ती म्हणाली. तिनं कोट घातला. "तिच्याशी बोलू देत त्यांना. मला नाही ऐकायचं."

तेव्हापासून ती दर रविवारी लिव्हला खालीच सोडते आणि वर येत नाही. समोर गाडी लावून आत बसून राहते. अदेरितुला बाल्कनीतून गाडी दिसते. तो लिव्हला आतल्या खोलीत घेऊन बसतो आणि चार वाजता तिला खाली धाडेपर्यंत बोलतो.

गेल्या रविवारी मी सूपचा डबा घेऊन खाली गेले. तिनं काच खाली केली, डबा घेतला, "थँक्यू" म्हणाली. मी दुसऱ्या बाजूनं जाऊन तिच्या शेजारी बसले. तिनं सूप प्यायलं. दोघींना काही बोलायचं असावं. मी कुठल्या भाषेत सुरुवात करू ते ठरवत होते, तेवढ्यात चार वाजले.