आरशात पाच गाड्या

नणंदेच्या मधपेट्या गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात असल्या की मी ताशी चाळीसच्या वर जात नाही. रस्त्याची मर्यादा साठची आहे. मला पाटी वाचता येते. पण तितक्या वेगाने गेलंच पाहिजे असं त्या पाटीवर कुठे लिहिलेलं नाही. पेटीतली पोळी मेणाची असतात, उन्हात मेण मऊ पडतं आणि एक मोठा धक्का बसला की पोळं तुटून माश्यांच्या अंगावर कोसळतं. हे मागच्या गाडीवाल्याला कोण समजावणार? त्याचं बोट भोंग्यावर चिकटलेलं असतं.

माझा दुसरा नियम बाबांचा. त्यांनी तीस वर्षं रस्ते दाबायचा रोलर चालवला. त्यांच्यापेक्षा सावकाश जाणारं माणूस या रस्त्याने पाहिलं नसेल. ते म्हणायचे, हळू जाणं हा आपला हक्क, पण दुसऱ्याला अडकवून ठेवणं हा नाही. मागे पाच गाड्या जमल्या की ते रोलर बाजूला घेत. कुठे घ्यायचा तेही ठरलेलं, दर चार-पाच किलोमीटरवर एक जागा. मी त्यांना डबा पोचवायला जायची, त्यामुळे त्या सगळ्या जागा मला पाठ आहेत. लोक मला ओरडून विचारतात, रस्ता तुझ्या बापाचा आहे का? अर्धाअधिक त्यानेच दाबलाय, असं उत्तर अगदी जिभेवर येतं, पण मी ते गिळते.

त्या दिवशी आम्हाला चोवीस पेट्या सत्तर किलोमीटरवरच्या फळबागेत न्यायच्या होत्या. हिवाळ्यात रोग पडून नणंदेच्या साठ पेट्यांपैकी एवढ्याच उरल्या होत्या. बाग फुलली होती, तिथे माश्यांना खायला मिळालं असतं आणि पेट्या पुन्हा वाढल्या असत्या. याही गेल्या तर बारा वर्षांचं काम संपलं. निघायचं होतं पहाटे पाचला, पण ऐन वेळी दोन पेट्यांच्या दाराच्या जाळ्या सैल निघाल्या. त्या ठोकून बसवेपर्यंत साडेसात झाले. ऊन कडक व्हायच्या आधी, दहाच्या आत पोचायलाच हवं होतं. गाडी चालती असली की जाळ्यांतून वारा आत शिरतो. उभी राहिली की पेटी तापते आणि माश्या आतल्या आत गुदमरतात.

वीस किलोमीटरवर आरशात पाच गाड्या दिसल्या. वाटेत मोकळा उतार होता, मी गाडी बाजूला घेतली. पाचही पुढे गेल्या, त्यातल्या एकाने हात वर केला. तेवढ्यावर माझा दिवस चांगला जातो.

नणंद मात्र मागे जाऊन पेटीला हात लावून आली आणि तिचा चेहरा उतरला होता. गुणगुण बदललीय, पेट्या तापल्यात म्हणाली.

"वहिनी, आता थांबू नकोस. लोकांना भोंगे वाजवू देत. तुझ्या नियमापायी माझ्या माश्या मरतील."

तिचा आवाज कापत होता. ती रडणाऱ्यातली नाही, लहानपणी सायकलवरून पडली तेव्हाही सायकलचीच चौकशी करत होती, असं माझे यजमान सांगतात. मला गलबलून आलं आणि मी मान डोलावली.

पुढे पाच झाल्या, सात झाल्या, अकरा झाल्या. बाबांच्या दोन जागा मी मागे टाकल्या. दोन्ही वेळा मान ताठ ठेवून समोर बघत राहिले, जणू कुणी आपल्याला ओळखू नये. आरशात बघायचंच सोडून दिलं.

वळणावर एका पांढऱ्या गाडीचा धीर सुटला. ती आमच्या बाजूला आली आणि समोरून मालट्रक आला. मी गाडी डावीकडे कच्च्यात घातली. पांढरी गाडी आमच्यापुढे बोटभर जागेतून निसटली, ट्रकही गेला, आणि आमच्या मागे लाकूड तडकल्याचा आवाज झाला.

शेवटच्या रांगेतली एक पेटी फुटली होती. माश्या ढगासारख्या वर उठल्या. नणंद डोक्यावर जाळी ओढून, धुराचं भांडं घेऊन मागे धावली. गाड्या काचा वर करून एकामागून एक निघून गेल्या. फक्त रांगेतला शेवटचा टेंपोवाला थांबला. चारही दिवे लावून त्याने टेंपो आमच्या मागे आडवा केला, म्हणजे कुणी अंगावर येऊ नये. इतका वेळ मी ज्याला रखडवलं होतं, त्यानेच. मला त्याच्याकडे बघवेना.

चूक पांढऱ्या गाडीची होतीच, भांडायला मी कमी नाही. पण त्या उतावळ्याला अकरा गाड्यांच्या रांगेत कोंडून मीच ठेवलं होतं.

फुटलेल्या पेटीतलं पोळं चुरा होऊन पडलं होतं. नणंदेने ती पेटी दोरीने आवळली आणि आत येऊन बसली. बाकीच्या पेट्यांची गुणगुण आता माझ्याही कानाला वेगळी लागत होती.

"सावलीत थांबू या," मी म्हणाले.

"थांबलो तर तापतील."

"उन्हात थांबलो म्हणून तापल्या. तो उतार माझा, बाबांचा नव्हता. त्यांच्या सगळ्या जागा झाडाखाली आहेत. रोलरचं लोखंड तापलं की बसवत नसे त्यांना."

दीड किलोमीटरवर त्यांचं जुनं झाड होतं. खाली दाट, गार सावली. तिथे गाडी लावली, पिण्याच्या पाण्याचे दोन्ही कॅन गोणपाटांवर ओतले आणि ती ओली गोणपाटं पेट्यांवर पसरली. पाच मिनिटं गेली. नणंद एकेका पेटीला कान लावत होती. सहाव्या पेटीपाशी तिने माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान डोलावली. आवाज खाली आला होता.

निघताना दहाला पाऊण तास होता. मी चाळीसच ठेवले. गोणपाटं ओली होती, वारा लागत होता, आणि मला एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती. आता कुणीही रडलं, ओरडलं, तरी मी बाबांचा नियम मोडणार नव्हते. ती माझी नणंद असली तरी.

तिच्याशी भांडायची तयारी मी मनात करत होते. पुढची सावली अजून किलोमीटरभर होती आणि माझं लक्ष एका खड्ड्याकडे होतं. तेवढ्यात ती तिच्या बाजूच्या आरशात वाकून बघायला लागली. ओठ हलत होते.

"वहिनी," ती म्हणाली, "पाच झाल्या."

घड्याळात साडेनऊ वाजून गेले होते. मी तिच्याकडे पाहिलं.

"घे बाजूला," ती म्हणाली, आणि ओंजळभर पाणी उरलेली बाटली हातात धरून आधीच दाराशी सरकली.

दहाला पाच मिनिटं असताना बागेत पोचलो. तेवीस पेट्यांची दारं उघडली, तेवीसमधून माश्या बाहेर आल्या.