सासूबाईंना उचलणारा हातमोजा

मी हातमोजा बोलतोय, उजव्या हाताचा. डावा शेजारच्याच खिळ्यावर आहे, पण तो बोलणार नाही. तोंड दाखवायला जागा उरली नाही म्हणतो.

मी गाईच्या जाड कातड्याचा. नेव्हिलने मला गुलाब छाटायला आणलं. टास्मानियातल्या त्या टेकडीखालच्या बागेत मी काट्यांना कधी भीक घातली नाही, आणि त्याचाच मला फार माज होता.

बागेत एक एकिडना यायची. मांजराएवढी, अंगभर काटे, पुढे नळीसारखं तोंड. लिंबाखालच्या मुंग्या खाऊन लाकडाच्या ढिगामागे गुडूप व्हायची. नेव्हिलची बायको ग्वेन खिडकीतून ओरडायची, "आल्या बघ सासूबाई! न कळवता, सगळीकडे नाक खुपसत!"

"माझ्या आईला मध्ये आणू नकोस," असं म्हणत नेव्हिल चहा तसाच टाकून बघायला धावायचा.

मग शेजारी नवं बिऱ्हाड आलं. त्यांचा दांडगा कुत्रा कुंपणाखालून आत शिरायला लागला आणि नेव्हिलची झोप उडाली. "हिला टेकडीपलीकडच्या रानात सोडून येतो," तो म्हणाला. "सुखाने राहील बिचारी."

तिने चारी पायांनी जमीन घट्ट धरली. नुसत्या हाताने ती कुणालाच उचलता आली नसती. मी पोटाखाली शिरलो आणि तिला उपटून काढलं. तेव्हा माझा तळवा ओला झाला. मला वाटलं, घाबरून मुतली.

दुसऱ्या दिवशी पायरीवर माझ्याभोवती मुंग्यांची ही रांग! ग्वेनने मला उचललं, हुंगलं आणि नवऱ्याला हाक मारली. "नेव्हिल, अरे, हे दूध आहे. सासूबाई कसली, लेकुरवाळी होती रे ती!"

दोघांनी रानातलं झुडूप न् झुडूप धुंडाळलं. ती सापडली नाही. ढिगामागच्या बिळात मात्र पिल्लू सापडलं, मुठीएवढं. त्याला धरायला माझी गरज पडली नाही, काटे जेमतेम डोकावत होते. आई येईल म्हणून दोघांनी वाट पाहिली. पिल्लू मलूल झालं, तेव्हा रानातली पिल्लं वाढवणाऱ्या बाई त्याला घेऊन गेल्या.

आणि मग ती आली! एवढी टेकडी ओलांडून, धुळीने माखलेली. सरळ बिळात शिरली, बाहेर आली, पुन्हा शिरली.

"बाईंना फोन कर, पिल्लू आणा म्हणावं!" नेव्हिल ओरडला. ग्वेनने फोन लावला. नुसतं 'हं, हं' करत राहिली. मग फोन ठेवून म्हणाली, "पिल्लू जगलं नाही रे."

तेवढ्यात कुंपणापाशी कुत्रा भुंकला. नेव्हिलचा हात सवयीने माझ्याकडे आला आणि तसाच मागे गेला. त्याने एक मोठा दगड ढकलत नेला आणि कुंपणाखालचं भोक बुजवलं. बस्स, एवढंच तर करायचं होतं.

तळव्यावरचा डाग अजून गेलेला नाही. बाबांनो, कुणाचं भलं करायला हात शिवशिवले, तर आधी तो दगड लावून बघा. मला खिळ्यावरच राहू द्या.