बेकरीची उरलेली री

पाटीवर 'बेक' एवढंच. 'री' राहिलेली.

लाल ऑइलपेंटचा डबा, वर साय धरलेली.

खुब्यात बसवलेले स्क्रू.

पायाच्या ताकदीला पाचापैकी गुण. तीन म्हणजे पाय स्वतःचं वजन उचलतो. चार म्हणजे वरून दाबलं तरी बऱ्यापैकी तग धरतो.

"आई, शिडी विकून टाकू."

पाट्या रंगवणारी बाई दवाखान्याच्या पलंगावर कुशीवर झोपली होती. चांगला पाय खाली दुमडलेला, मोडून जोडलेला वर. मुलगा खुर्चीत, गाडीची किल्ली बोटात फिरवत. थेरपिस्टने चार म्हटलं तरच शिडी, असं बेकरीवाल्याने बजावलं होतं. नाहीतर 'री' दुसरा कोणी काढणार.

"उचला, मावशी. सरळ छताकडे. धरून ठेवा."

पाय वर गेला. थेरपिस्टने क्षणभर घोट्यावर हात ठेवला.

"छान. चार."

"हात टेकवलात. दाबलं कुठे?"

"मावशी, साठी उलटलीय तुमची."

"म्हणून लाडाचे चार? त्या लाडावर शिडी चढू मी?"

मुलगा म्हणाला, "मॅडम, तीन सांगा आणि संपवा. घरी बसेल निवांत."

"तू गाडीत जाऊन बस."

तो बसला नाही गाडीत. थेरपिस्टने या वेळी खरंच दाबलं. बाईची कंबर हळूच मागे लोळली, पावलाची बोटं छताकडे वळली.

"बघा, नितंबाचं काम मांडीचा पुढचा स्नायू करतोय."

"बदली कामगार."

"हो. आणि मला तो चालत नाही."

थेरपिस्टने एका हाताने कंबर पुढे धरून ठेवली, दुसऱ्याने दाबलं. पाय थरथरला आणि खाली आला.

"तीन."

किल्ली फिरायची थांबली. "बरं झालं, आई. आता—"

"हे तीन खरे ना?" बाईने थेरपिस्टला विचारलं.

"खरे."

"मग व्यायाम दाखवा."

घरी ती भिंतीला पाठ आणि टाच टेकवून कुशीवर झोपायची, म्हणजे कंबरेला मागे लोळायला जागाच नाही. टाच भिंतीला घासत वर, घासत खाली.

"भिंतीचा रंग निघतोय, आई."

"देईन रंगवून. शिडी आहे आपल्याकडे."

बेकरीवाल्याला तिने फोन केला. "माझ्या पाटीला कोणी हात लावला, तर त्याचा ब्रश त्याच्याच टोपीत पुसेन. सांगून ठेवतेय."

पुन्हा तोच पलंग. बाई कुशीवर वळली आणि मुलाकडे बोट केलं.

"आज आधी हा दाबेल."

"आई, काहीतरीच काय."

"घरात रोज दाबतोसच की. इथे दाब."

थेरपिस्टला हसू आवरेना. तिने बाईची कंबर पकडली आणि मुलाचा हात घोट्याच्या वर ठेवून दिला. त्याने आधी हळू दाबलं.

"जेवला नाहीस का?"

मग त्याने दाबलं. पाय हलला, थांबला. त्याच्या मानेची शीर वर आली. पाय तिथेच.

त्याने हात काढून घेतला आणि तळव्याकडे बघत राहिला.

"त्याचं सोडा, आता तुम्ही," बाई म्हणाली. पाय अजून खाली आणला नव्हता.

थेरपिस्टने कोपर ताठ करून वजन टाकलं. बराच वेळ टाकलं. पाय अगदी शेवटी झुकला.

"चार. हेही खरे."

"पाच का नाहीत?"

"पुढच्या महिन्यात विचारा."

"विचारणारच," ती म्हणाली आणि मुलापुढे हात केला. "किल्ली दे. शिडी गाडीवर बांधायचीय."

खुबा मोडला होता तो बाथरूमच्या ओल्या फरशीवर, मुलगा आंघोळ करून बाहेर आल्या आल्या. शिडीवरून ती कधीच पडलेली नाही.