एक पट्टी कमी

बटण दाबलं, आणि काहीही झालं नाही.

सूनबाईने पुन्हा दाबलं. मग जरा जोरात. मग लिफ्ट येत नसली की माणसं दाबतात तसं, टकाटक टकाटक. टेबलाखालचा तो काळा डबा ढिम्म. दिवा नाही, पंख्याची घरघर नाही, साधी टिकसुद्धा नाही.

सकाळी वीज गेली होती आणि जेवणाच्या सुमारास आली होती. पंखे फिरत होते, फ्रीज गुरगुरत होता, शेजारच्यांचा टीव्ही नेहमीसारखा भिंतीपलीकडून भांडत होता. सगळ्या घराला जाग आली आणि एकटा तिचा कॉम्प्युटर तेवढा मेल्यासारखा पडून होता. आणि त्याच्या पोटात तिचा नकाशा होता.

चिमणी जन्माला येण्याआधी ती एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढायची. चिमणी आली आणि ते सुटलं. आता पोर घरभर धावायला लागल्यावर दुसऱ्या एका ऑफिसाने बोलावलं होतं, पण अट घालून: एका दवाखान्याच्या तळमजल्याचा नकाशा काढून दाखवा, आज ऑफिस बंद व्हायच्या आत पाठवा, पसंत पडला तर सोमवारपासून या. चिमणी झोपली की ती काढायला बसायची. काल शेवटची रेघ मारली आणि ‘उद्या ताज्या डोळ्यांनी एकदा बघू, मग पाठवू’ म्हणून उठली. ताज्या डोळ्यांची हौस ही अशी नडते.

सोमवारपासून चिमणीला कोण सांभाळणार, हा प्रश्न घरात कोणी विचारलाच नव्हता. आप्पा होते ना! आप्पा म्हणजे तिचे सासरे. उभा जन्म विजेच्या सबस्टेशनात काढलेला माणूस. गावभराचे दिवे ज्याच्या हातात होते, त्याच्या हातात एक दीड वितीचं पोर द्यायला कसली आलीय भीती? तिने नोकरीचा विषय काढला तेव्हा पहिले तेच म्हणाले होते, “जा तू खुशाल. मी आहे.” त्या ‘मी आहे’वर तिची नोकरी उभी होती.

तिने नवऱ्याला कामावर फोन लावला. तो कसल्याशा गडबडीत होता. “आप्पांना दाखव की,” तो म्हणाला. “घरात वैद्य असताना मला काय विचारतेस?” आणि ठेवून दिला.

“आप्पा!” तिने हाक मारली. “माझा कॉम्प्युटर गेला!”

आप्पा चिमणीला कडेवर घेऊनच आले. त्यांनी आधी चिमणीला खाली ठेवलं, मग चष्मा पुसला, मग डब्याकडे असं बघितलं की जणू तो उशिरा कामावर आलाय.

“गेला बिला काही नाही. घाबरायचं नाही. वीज आहे म्हणजे तिला वाट आहे. वाट कुठे अडलीय ते बघायचं. भिंतीपासून सुरुवात.”

त्यांनी टेबलावरचा दिवा आणून भिंतीच्या सॉकेटला लावला. पेटला. टेबलाखालच्या एक्स्टेन्शन बोर्डाला लावला. तिथेही पेटला. स्क्रीनचा बारीक दिवा तर आधीपासूनच जळत होता. “म्हणजे इथवर वाट मोकळी आहे,” आप्पा म्हणाले. मग त्यांनी डब्याची पिन बोर्डातून काढली आणि तिला डब्याचं बटण दाबून धरायला लावलं, आत कुठे वीज साठून राहिली असेल तर निघून जाईल म्हणून. तिने बोट पांढरं पडेपर्यंत दाबलं. पिन पुन्हा लावली. काही नाही. मग आप्पांनी डब्याचं बाजूचं झाकण उघडलं, आत नाक घातलं आणि दीर्घ श्वास घेतला.

“जळका वास नाही. चांगलं आहे.”

“मागे एक स्विच असतो ना, आप्पा?”

“असतो. पण तो बंद कोण करणार? तू करतेस?”

“घेतल्यापासून कधी हातसुद्धा लावला नाही.”

“मी तर तुझ्या मशीनकडे फिरकत नाही. ते तुझं खातं. स्विच काय आपल्या मनाने पडत नाही, सूनबाई.” त्यांनी मान हलवली. “आतला पुरवठाच गेलेला दिसतो. वीज परत येताना एकदम जोरात येते, तिने घात केला. मी मेल्याने फ्रीज बंद केला, पंप बंद केला, कपड्यांचं मशीन बंद केलं, आणि तुझं हे राहिलं बघ!”

त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं. वीज गेली की आप्पांची घरात एक फेरी असायची. एकेक यंत्र बंद करायचं आणि त्याच्या वायरीला लाल कापडाची पट्टी बांधायची. वीज येऊन जरा स्थिरावली की दुसरी फेरी, पट्ट्या सोडायच्या आणि यंत्रं लावायची. सबस्टेशनातला त्यांचा कायदा त्यांनी घरात आणला होता: ज्याने बांधली त्यानेच सोडायची. एकदा मिक्सरला पट्टी बांधून ते बाहेरगावी गेले होते, तर ते येईपर्यंत घरात कोणी मिक्सरला हात लावला नाही. चटणीवाचून राहिले सगळे. नवरा अजून त्यावरून चिडवायचा.

आणि त्या कायद्यामागची गोष्ट तर घरातल्या भांड्यांनाही पाठ होती. आप्पा तेव्हा नुकतेच कामाला लागले होते. खांबावर चढणारा प्रत्येक जण आधी आपली पट्टी बांधायचा आणि उतरला की सोडून ती आप्पांकडे जमा करायचा. लाइनवरचं काम संपलं, सगळे परत आले असं धरून वरून साहेब फोनवर ओरडतोय की वीज सोडा. आप्पांनी जमा झालेल्या पट्ट्या मोजल्या तर एक कमी. ते म्हणाले, नाही सोडत. नोकरी घ्या माझी, पण सोडत नाही. आणि खरंच एक माणूस अजून खांबावर होता. “एक पट्टी कमी म्हणजे एक माणूस अजून वर आहे,” असं म्हणून आप्पा गोष्ट संपवायचे आणि मग पाणी मागायचे.

“मागून उघडून बघायला हवं,” आप्पा आता कंबर धरून उठत म्हणाले. “पण ते टेबल ओढणं माझ्याने व्हायचं नाही. तू बघ जरा. मी हिला भरवतो तोवर. सकाळपासून पोटात काही नाही पोरीच्या.”

“आप्पा, आत्ता तर भरवलंत तिला! वाटी ओट्यावर आहे अजून.”

“अरे हो की!” आप्पा हसले. “तुझ्या मशीनने माझंही डोकं बंद पाडलं.” तीही हसली. हसताना तिचं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं.

आप्पा चिमणीला घेऊन स्वयंपाकघरात गेले. सूनबाईने पदर खोचला, टेबल हातभर पुढे ओढलं आणि फोनची बत्ती लावून भिंत आणि टेबल यांच्यामधल्या फटीत शिरली. तिथे धूळ होती, चिमणीचा हरवलेला मोजा होता. डब्याच्या पाठीवर, वायर शिरते तिथेच शेजारी, तो काळा स्विच होता.

बंद होता.

आधी तिला आनंदच झाला. एवढंच! काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती मोठ्याने ओरडून सांगणारच होती. मग बत्तीचा उजेड हातभर खाली सरकला आणि तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

वायरीला लाल पट्टी बांधलेली होती.

तिने डोळे मिटून उघडले. पट्टी तिथेच होती. आप्पांची पट्टी, आप्पांची गाठ, दोन वेढे आणि आत खोचलेलं टोक. अशी गाठ घरात दुसऱ्या कोणाला येत नव्हती. पट्टीवर धुळीचा कण नव्हता. आजची होती, सकाळची. ती चिमणीला आंघोळ घालत असताना आप्पा इथे आले, या वयात, ती कंबर घेऊन टेबलाखाली वाकले, आणि तिचा नकाशा जळू नये म्हणून त्यांनी तो स्विच बंद केला.

आणि मघाशी तेच आप्पा तिच्या शेजारी बसून म्हणाले होते, मी तुझ्या मशीनकडे फिरकत नाही.

ती तिथेच, धुळीत, मोज्याशेजारी बसली. आप्पा खोटं बोलले असते तर तिला केवढं बरं वाटलं असतं! पण आप्पांना खोटं बोलता येत नव्हतं. पत्त्यांत चांगलं पान आलं तरी त्यांचा चेहरा सांगायचा. ते अगदी खरं बोलत होते. त्यांना ठाऊकच नव्हतं. भिंतीपासून वाट शोधत निघालेला तो माणूस स्वतःनेच अडवलेल्या वाटेपाशी आला आणि त्याला ती ओळखू आली नाही.

मग एकेक गोष्ट तिच्यापुढे येऊन उभी राहिली. ओट्यावरची ती वाटी. परवा उघडं राहिलेलं फाटक, ज्यावरून तिने दूधवाल्याला बोल लावला होता. आणि मग सोमवार. न्हाणीघरातली भरलेली बादली, गॅसचं बटण, आणि घरभर धावणारी चिमणी.

स्वयंपाकघरातून आप्पांचा आवाज येत होता. ते चिमणीला चमचे मोजायला शिकवत होते आणि चिमणी प्रत्येक चमच्याला “दोन!” म्हणत होती.

सूनबाईने गाठ सोडली. नखं दुखली, पण सोडली. स्विच लावला, फटीतून बाहेर आली, बटण दाबलं. डबा घुरघुरला, स्क्रीन उजळली, आणि तिचा नकाशा जसाच्या तसा समोर आला. भिंती, दारं, रुग्णांच्या खोल्या, सगळं जागच्या जागी. तिने पट्टी मुठीत घट्ट दाबून धरली. आप्पांना कळू द्यायचं नाही, एवढंच तिला त्या घडीला सुचत होतं. त्यांना दुखवायचं नव्हतं म्हणून. आणि तिला ही नोकरी हवी होती म्हणूनही. दोन्ही खरं होतं. त्यातलं जास्त खरं कोणतं, हे तिला स्वतःला विचारायचं नव्हतं.

“झाला?” आप्पा दारात आले. “आवाज ऐकला मी! काय होतं गं?”

“वायर सैल होती, आप्पा. मागची.”

“बघ! वाट अडलीय म्हटलं नव्हतं मी?” त्यांचा चेहरा असा खुलला की तिला बघवेना. “पाठव आता, पाठव. साहेबाला म्हणावं, आमच्या घरचा माणूस येतोय सोमवारी.”

ती खुर्चीत बसली. एका हाताने पत्र उघडलं, नकाशा जोडला. दुसरी मूठ मांडीवर होती. फक्त ‘पाठवा’वर बोट ठेवायचं बाकी होतं, आणि बोट पुढे होत नव्हतं.

मागे आप्पांनी फडताळातून पत्र्याची डबी काढली. खिशातून पट्ट्या काढल्या. दुपारी चिमणी रडायला लागली म्हणून त्या खिशातच राहिल्या होत्या. एक, दोन, तीन. डबीत आधीची एक. ते थांबले. पुन्हा मोजल्या.

“एक कमी आहे. पाच हव्यात.”

सूनबाईने मागे वळून बघितलं नाही.

आप्पांनी खिसे उलटे केले. फ्रीजमागे जाऊन आले, पंपापाशी जाऊन आले, कपड्यांच्या मशीनखाली हात घालून बघितलं. परत आले तेव्हा त्यांना धाप लागली होती, आणि आवाज तिने कधी ऐकला नव्हता असा होता.

“सूनबाई, काही चालू करू नकोस. थांब. एक माणूस अजून वर आहे.”

ते पुन्हा पंपाकडे निघाले. तिला ते सहन होईना. ती उठली आणि तिने मूठ उघडली.

आप्पांनी पट्टी बघितली. “सापडली! कुठे होती?”

“कॉम्प्युटरच्या मागे. स्विचपाशी.”

“तिथे कोणी बांधली?”

आप्पांनी पट्टी हातात घेतली. कापडावर गाठीच्या चुण्या अजून तशाच होत्या, दोन वेढे आणि टोकाची खूण. त्यांनी त्या चुण्यांवरून अंगठा फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

“गाठ माझी आहे,” ते म्हणाले. “मी कधी बांधली?”

“आप्पा, विसरतो माणूस. एवढं काय...”

“विसरणं वेगळं. तू आत्ता सांगितलंस तरी मला आठवत नाहीये, सूनबाई. काहीच नाही तिथे.” ते पलंगाच्या कडेवर बसले. चिमणी त्यांच्या गुडघ्याला येऊन चिकटली. तिच्या डोक्यावर हात ठेवायला त्यांनी हात उचलला, आणि मध्येच मागे घेतला. ते बघून सूनबाईला रडू फुटलं.

“त्या दिवशी फाटक...” आप्पा म्हणाले.

“दूधवाल्याने उघडं टाकलं होतं.”

“नाही गं.”

त्यांनी मनगट पुढे केलं आणि पट्टी तिच्या हातात दिली.

“बांध.”

“काहीतरीच काय, आप्पा!”

“बांध म्हणतो ना. मी बांधली तर मीच सोडीन, आणि मला आठवायचंही नाही. तू बांध. म्हणजे तुझ्या परवानगीशिवाय कोणी माझ्या हाती पोर द्यायचं नाही. मी मागितलं तरी नाही. उद्या डॉक्टरकडे घेऊन चल मला. आणि हिच्यासाठी एखादी बाई बघा; मी असेन घरात, गोष्टी सांगेन. पण ते पत्र पाठव. तुझी वाट मी अडवायची नाही.”

तिला ती गाठ येत नव्हती. डोळ्यांपुढे सगळं पाण्यात गेलं होतं आणि पट्टी पुन्हा पुन्हा निसटत होती. आप्पांनी दुसऱ्या हाताने तिची बोटं धरली. एक वेढा, दुसरा वेढा, टोक आत. त्यांचा हात कुठेही अडखळला नाही. “ओढ आता,” ते म्हणाले, आणि तिने ओढली.

मग ती टेबलापाशी गेली आणि तिने पत्र पाठवलं.

चिमणीला आजोबांच्या हातावरची ती लाल गंमत भलतीच आवडली. ती मांडीवर चढली, दोन्ही हातांनी टोक पकडून ओढायला लागली. आप्पांनी हात हळूच बाजूला घेतला.

“अंहं,” ते तिला म्हणाले. “आधी आईला विचार.”